डोंगरातलं जुनं घर, सहीचा कागद आणि पोटमाळ्याची जाळी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच कळेल. कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या वर, समिट रोडच्या बाजूला १९७८ साली बांधलेलं एक घर तुम्हाला आवडलंय. विकणाऱ्याच्या एजंटने कागदांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म दिलाय. घर 'व्हेरी हाय' वणवा-पट्ट्यात येतं, आणि ताबा मिळाल्यापासून एका वर्षात भोवतालची जागा नियमाप्रमाणे मोकळी केल्याचा दाखला तुम्ही मिळवाल, असं लिहून द्यायचंय. मिस्टर म्हणतात, फॉर्मॅलिटी आहे, सही करून टाक. ओरेगनमधले दीर म्हणतात, आमच्याकडे वणव्याच्या धोक्याचा नकाशाच रद्द झाला, तुमच्याकडेही होईल. सासूबाईंना काळजी वेगळीच: घराच्या पाच फुटांत काही ठेवायचं नाही असा नियम येतोय म्हणे, मग तुळस कुठे ठेवायची? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं तुम्ही विचारलंय, विमा मिळेल ना?

मी मूळची चिपळूणची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. गेली एकोणीस वर्षं बे एरियात घरांचं इन्स्पेक्शन करते. त्यातली निम्मी घरं डोंगरातली. वकील नाही, विमा विकत नाही. त्यामुळे सांगते ते पोटमाळ्यात आणि घराखालच्या सांदीत गुडघ्यांवर रांगून जे दिसलं त्यावरून. काही उत्तरं तुमच्या नेमक्या पत्त्यावर अवलंबून आहेत. ती कुठली, तेही सांगते.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कागद म्हणून ती फॉर्मॅलिटीच आहे. सही केली नाही तर व्यवहार अडेल, सही केली तर दुसऱ्या दिवशी कोणी दारात येणार नाही. पण तुमची खरी अडचण त्या कागदात नाहीच. इथे चार निरनिराळ्या गोष्टी एका पुडीत बांधल्या गेल्यात: नकाशा, अंगण, घर आणि विमा. प्रत्येकीचा कायदा वेगळा, ऑफिस वेगळं. तुम्ही सही करताय ती फक्त अंगणाची. वणवा मात्र बहुतेक वेळा घरातून शिरतो, आणि जुन्या घराला हा कायदा जवळजवळ हातच लावत नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

आधी नकाशा. इथले वणव्याचे कायदे वणव्यांमागून आलेत. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, २५ माणसं गेली, जवळपास तीन हजार घरं जळाली. त्यानंतर १९९२ मध्ये बेट्स कायदा आला. शहरांच्या हद्दीतलेही सर्वांत धोक्याचे पट्टे आखायचे, असं त्यात ठरलं. शहराबाहेरच्या डोंगराळ भागाची जबाबदारी राज्याची, म्हणजे कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन खात्याची. शहराच्या हद्दीत ती स्थानिक अग्निशमन दलाची. तुमचं घर गावाच्या हद्दीत येतं की बाहेर, हे आधी बघा. तपासणीला कोण येणार आणि दाखला कोण देणार, ते त्यावर ठरतं. पट्टे तीन आहेत: मॉडरेट, हाय आणि व्हेरी हाय. राज्याच्या अखत्यारीतल्या भागाचा नवा नकाशा २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे, शहरांचे नवे नकाशे २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टप्प्याटप्प्याने आले. स्थानिक संस्थेला आपला पट्टा वाढवता येतो, कमी करता येत नाही.

हा नकाशा काय सांगतो हे नीट समजून घ्या. डोंगर किती जळाऊ आहे, एवढंच तो सांगतो. उतार, गवत-झाडं, वारा, हवामान, पूर्वीच्या आगी, हे सगळं पुढच्या तीस-पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्यात धरलेलं असतं. तुमचं घर किती जळाऊ आहे, हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही छप्पर बदललंत, अंगण झाडून लख्ख ठेवलंत, तरी नकाशावरचा रंग बदलत नाही. आणि उलटही खरं आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सांता रोझामध्ये टब्स वणव्याने सहापदरी १०१ हायवे ओलांडला आणि कॉफी पार्क नावाची साधी, सपाटीवरची वसाहत हजाराहून जास्त घरांसकट साफ केली. ती वसाहत कुठल्याही पट्ट्यात नव्हती. तेव्हा रंग बघून घाबरू नका आणि रंग नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

दिरांचं म्हणणं खोटं नाही. ओरेगनमध्ये २०२० च्या लेबर डे सुमारास दहा लाख एकरांहून जास्त जंगल जळालं, टॅलंट आणि फिनिक्स ही गावं होरपळली. त्यानंतर २०२१ मध्ये एसबी ७६२ हा कायदा आला आणि २०२२ च्या जूनअखेर राज्याने प्रत्येक प्लॉटचा धोका दाखवणारा नकाशा लोकांसमोर ठेवला. लोक इतके भडकले की ऑगस्टमध्येच तो मागे घ्यावा लागला. विमा महागेल, घराची किंमत पडेल, ही भीती. म्हणून २०२३ मध्ये वेगळा कायदा करून विमा कंपन्यांना तो नकाशा वापरायला बंदी केली. तरी विश्वास बसला नाही. २०२५ च्या जानेवारीत सुधारलेला नकाशा आला, त्यात जेमतेम ६ टक्के मालमत्ता कडक नियमांखाली येत होत्या. त्याच वर्षी विधिमंडळाने तोही रद्द केला आणि घर-अंगणाचे नियम गावांच्या मर्जीवर सोडले.

कॅलिफोर्नियात असं होईल असं मला वाटत नाही. इथला नकाशा जुना आहे. बांधकामाचे नियम, घरविक्रीचे फॉर्म, अंगणाची तपासणी हे सगळं त्याला बांधलेलं आहे. एक दोरा ओढला तर सगळी वीण सुटेल. शिवाय तिकडे नकाशा रद्द झाला म्हणून दिरांच्या विम्याचा हप्ता एका डॉलरने कमी झाला का, ते त्यांना विचारून बघा. कंपन्यांकडे त्यांची स्वतःची मॉडेल्स असतात, राज्याच्या नकाशावर त्यांचं काही अडत नाही.

आता अंगण, म्हणजे तुमच्या सहीचा विषय. कायदा असा आहे: घराभोवती १०० फूट, किंवा तुमची हद्द त्याआधी संपत असेल तर हद्दीपर्यंत, जागा आगीला जोर मिळणार नाही अशी ठेवायची. पहिल्या ३० फुटांत नियम कडक. वाळलेलं गवत, पाचोळा, मेलेली झाडंझुडपं काढायची, चिमणीपासून फांद्या १० फूट लांब, झाडांच्या माथ्यांमध्येही तेवढंच अंतर, लाकडाच्या मोळ्या ३० फुटांपलीकडे. पुढच्या ७० फुटांत गवत चार इंचांपेक्षा उंच नको आणि झुडपं एकमेकांना खेटून नकोत. झाडं तोडून बोडकं करा असं कायदा म्हणत नाही, हे लक्षात ठेवा. आगीला जमिनीवरून झुडपावर आणि झुडपावरून झाडावर चढायला शिडी मिळू नये, एवढाच हेतू.

आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याच्या तोंडाला जाळरेषा काढतं. ही त्याचीच घरगुती आवृत्ती म्हणा. फक्त एक फरक: चिपळूणकडची सवय म्हणून गोळा केलेला पाचोळा तिथेच पेटवू नका. राब भाजणाऱ्या घरातली मी, सुरुवातीला मलाही हे जड गेलं. इथे जाळायला परवाना लागतो आणि उन्हाळ्यात ते परवाने बंद असतात. गंमत अशी की इथले कारुक, युरोक हे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या रान ठरवून, थोडं थोडं जाळत आले. राज्याने ते शंभरेक वर्षं बंद पाडलं आणि मग २०२१ मध्ये एसबी ३३२ करून जाणकारांना जाळायला थोडी मोकळीक दिली. पण ते जाणकारांसाठी. तुम्ही पाचोळा बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाका.

तुमच्या हातातला फॉर्म २०१९ च्या एबी ३८ या कायद्यातून आलाय. २०१८ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, म्हणजे ८ नोव्हेंबरला सकाळी पॅरडाइज गाव जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती गेल्या. आमच्याकडे धूर आठवडाभराहून जास्त बसला होता. आकाशकंदील लावलेला, आणि भर दुपारी त्याचा दिवा चालू करावा असं आभाळ. एबी ३८ आला तो त्यानंतरच्या वर्षी. त्यात दोन कलमं तुमच्या कामाची. पहिलं: हाय किंवा व्हेरी हाय पट्ट्यातलं घर विकताना अंगण नियमात असल्याचा दाखला विकणाऱ्याने द्यायचा, नाहीतर घेणाऱ्याने वर्षभरात मिळवायचं कबूल करायचं. १ जुलै २०२१ पासून हे लागू आहे. तुमच्या एजंटने अर्थातच दुसरा पर्याय पुढे केला, कारण त्यात विकणाऱ्याला झाडूही उचलावा लागत नाही. तुम्ही पहिला मागा. 'आधी तपासणी करून घ्या, मग बोलू' असं म्हणायला काही लागत नाही. तपासणीत काही निघालं तर तो खर्च किमतीत वळता करून मागता येतो. तुमच्या भागात स्थानिक नियम आणखी कडक असेल तर तोही आधी विचारून घ्या.

दुसरं कलम लोक वाचतच नाहीत. घर १ जानेवारी २०१० पूर्वीचं असेल तर त्यात आगीच्या दृष्टीने काय कच्चं आहे, ते विकणाऱ्याने माहीत असेल तसं सांगायचं. फॉर्मवर सहा बाबी आहेत. वळचणीच्या, छपराच्या हवेच्या झरोक्यांवरच्या जाळ्या निखारे अडवणाऱ्या नसणं. छपरावर कच्च्या लाकडाच्या पट्ट्या असणं. घराच्या पाच फुटांत आणि डेकखाली, म्हणजे घराला जोडलेल्या उघड्या ओट्याखाली, जळाऊ झाडझाडोरा. एकपदरी किंवा टेम्पर न केलेली काच. कौलांच्या तोंडाशी पक्षी शिरू नयेत म्हणून बसवलेल्या अटकावाला किंवा पत्र्याच्या पट्टीला फटी. आणि पन्हळींवर धातूचं झाकण नसणं. १९७८ च्या घरात सहापैकी चार तरी निघतील, मी न बघता सांगते. पण तुमच्या गठ्ठ्यात हे पान कोरं असण्याची शक्यता जास्त. 'माहीत नाही' म्हटलं की विकणारा सुटला. आणि समजा सहाही खुणा केल्या, तरी त्यातलं एकही दुरुस्त करायचं बंधन ना त्याच्यावर ना तुमच्यावर.

म्हणून म्हटलं, घराला कायदा हात लावत नाही. नवीन घराला लावतो, आणि चांगला कडक लावतो. २००८ च्या जानेवारीपासून अशा पट्ट्यात बांधलेल्या घरांना 'चॅप्टर ७ए' नावाने ओळखले जाणारे नियम आहेत: छप्पर, भिंती, खिडक्या, डेक, जाळ्या, सगळं आगीला दाद न देणारं. तुमचं घर त्याच्या तीस वर्षं आधीचं.

जाळ्यांवर इतका भर का, ते सांगते. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून सांताक्रूझच्या डोंगरात सीझेडयू वणवा लागला, जवळपास दीड हजार इमारती गेल्या. काही महिन्यांनी बोल्डर क्रीकच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला त्याची जागा बघायला बोलावलं. घराचं नुसतं जोतं उरलं होतं. त्यावर वॉशिंग मशीनचा सांगाडा, वाकलेली नळी, आणि वितळून पुन्हा गोठलेल्या काचेचा एक गोळा. आणि जोत्यापासून बारा फुटांवर रेडवुड उभा. बुंधा काळा, पण वर हिरवा. ज्या झाडाच्या भीतीने तो गृहस्थ दरवर्षी माणूस लावून फांद्या उतरवत होता, ते झाड जगलं आणि घर गेलं. पॅरडाइजमध्येही गल्ल्यांमधून असंच दिसत होतं: हिरवी पाइनची झाडं, मध्ये राखेचे चौकोन. जॅक कोहेन नावाच्या अमेरिकन वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हे कित्येक वर्षं आधीपासून मांडलंय. घर जळतं की वाचतं, ते घर आणि त्याच्या अगदी लगतची जागा ठरवते. ज्वाळांची भिंत चालून येते हे सिनेमातलं. प्रत्यक्षात वाऱ्यावर निखारे येतात, मैल-दीड मैल आधीपासून, पावसासारखे. ते वळचणीच्या जाळीतून पोटमाळ्यात जातात, पन्हळीतल्या पाचोळ्यात बसतात, काथ्याच्या पायपुसण्यावर पडतात.

त्या गृहस्थाच्या पोटमाळ्यात मी स्वतः वर्षभर आधी गेले होते. उत्तरेकडच्या जाळीमागे पाइनच्या सुयांची हातभर गादी, उंदराने नीट रचलेली. अहवालात मी 'साफ करावे' एवढंच लिहिलं. जाळी पाव इंची आहे, निखारा आत जाईल, हे लिहिलं नाही. तेव्हा माझ्या छापील यादीत तो रकानाच नव्हता. घर त्याच जाळीने गेलं असं मी म्हणत नाही, ते आता कोणीच सांगू शकत नाही. पण तेव्हापासून रकाना आहे.

जुन्या घरांत जाळीची भोकं सहसा पाव इंची असतात. हवी ती एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक, एक षोडशांशपर्यंत. घर बघायला जाल तेव्हा खिशात अख्ख्या तुरीचे चार दाणे ठेवा. दाणा जाळीतून आरपार गेला तर जाळी जुनी. अडला तर बरी. शक्य असेल तर स्टेट फायर मार्शलच्या मान्य यादीतले व्हेंट, म्हणजे जाळीसकट अख्खे झरोके, बसवा, त्यांत ज्वाळाही अडते. एक सांगून ठेवते: घाबरून व्हेंट टेपने किंवा प्लायवूडने कायमचे बुजवू नका. मी असं घर पाहिलंय. दोन पावसाळ्यांत पोटमाळ्याच्या लाकडाला बुरशी धरली आणि छप्परच बदलावं लागलं.

खर्चाचा अंदाज: जाळ्या शेकड्यांत, मान्य व्हेंट दीड-दोन हजार डॉलरपासून पुढे, डेक त्याच्या कित्येक पट, आणि छप्पर म्हणाल तर आकडा ऐकून खुर्ची लागते. नेमकं किती, ते घराच्या आकारावर आणि चढणीवर. पण क्रम मात्र बहुतेक घरांत एकच लावते मी: पन्हळी साफ, जाळ्या, पहिले पाच फूट, घराला चिकटलेल्या लाकडी कुंपणाचा शेवटचा पाच फुटांचा तुकडा काढून धातूचा, मग डेकखालची अडगळ. लाकडी पट्ट्यांचं छप्पर असेल तर मात्र सगळा क्रम बाजूला, आधी तेच. तसं असेल तर किंमत तरी पाडा, नाहीतर घर सोडा.

आता तुळस. पाच फुटांचा नियम २०२० च्या एबी ३०७४ मधून आलाय. घराला लागून पहिले पाच फूट, म्हणजे 'झोन झिरो', निखारा पडला तरी पेटणार नाही असे ठेवायचे. नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते. झाले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसकडे पॅलिसेड्स आणि अल्टाडिनात सोळा हजारांवर इमारती जळाल्यावर फेब्रुवारीत गव्हर्नर न्यूसमनी आदेश काढला, वर्षअखेर संपवा. भांडण कशावरून अडलं, तर झाडांवरून. लॉस एंजेलिसच्या लोकांचं म्हणणं, पाणी घातलेलं हिरवं झुडूप निखारा अडवतं, ते का उपटायला लावता? अग्निशमनवाल्यांचं म्हणणं, आज हिरवं असलेलं झुडूप ऑक्टोबरच्या कोरड्या वाऱ्यात हिरवं राहील कशावरून? मी दुसऱ्या बाजूची, पण पहिल्या बाजूला अगदी मूर्ख म्हणणार नाही. राज्याच्या आराखड्यात नव्या घरांना आधी आणि जुन्यांना मुदत देऊन नंतर, असा क्रम आहे. बर्कलीसारख्या शहराने तर राज्याची वाट न बघता डोंगराकडच्या वस्तीसाठी आपला नियम केला. तुमच्या पत्त्याला सहीच्या दिवशी नेमका काय लागू आहे, ते स्थानिक फायर मार्शलच्या ऑफिसातून लेखी मागवा. ईमेलचं उत्तर पुरे.

सासूबाईंना मात्र नियमाची वाट बघायला लावू नका. सिमेंटच्या वृंदावनातली हिरवी तुळस घर जाळत नाही. तिच्याभोवतीचा संसार जाळतो. मी पाहिलेल्या तुळशींपाशी काय काय असतं: वाळलेल्या मंजिऱ्या, कापसाची वस्त्रं, वातींचा डबा, लाकडी चौरंग, आणि कार्तिकात लग्न लागलं की उसाचा मांडव, जो मार्गशीर्षापर्यंत तसाच वाळत उभा. इथली वणव्याची कोरडी हवा नेमकी त्याच दिवसांत असते. भिंतीपासून आठ-दहा फुटांवर फरशीचा किंवा खडीचा चौकोन करा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा. तिथे वृंदावन. थंडीत तसंही तिला आत घ्यावं लागतं. आणि दाराचं तोरण: आंब्याची असोत नाहीतर इथली कुठली पानं, वाळली की उतरवा. प्लास्टिकचं असेल तर जूनमध्येच काढून ठेवा. खडी पसरलेलं अंगण बोडकं दिसेल, सासूबाई कुरकुरतील. रांगोळी मात्र फरशीवर छान उठते.

विमा तुम्ही शेवटी विचारलात. मी असते तर पहिला विचारला असता. विम्याशिवाय बँक कर्ज देणार नाही, आणि डोंगरातल्या व्यवहारांचं घोडं हल्ली तिथेच अडतं. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे इथे दर वाढवायला कंपनीला राज्याची आधी परवानगी लागते. वर्षानुवर्षं दर ठरवताना मागच्या नुकसानीची सरासरीच धरायची परवानगी होती, पुढच्या धोक्याचं मॉडेल नाही. कंपन्यांनी मग दर वाढवण्याऐवजी गिऱ्हाइकं कमी केली. २०२३ च्या मे महिन्यात राज्यातल्या सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीने नव्या पॉलिसी घेणंच थांबवलं. त्यानंतर २०२४ च्या अखेरीस राज्याने नियम बदलले: मॉडेल वापरा, पण धोक्याच्या भागातही पॉलिसी द्या. त्याचा परिणाम तुमच्या रस्त्यापर्यंत पोचलाय की नाही, ते कोटेशन मागितल्यावरच कळेल.

कुणीच घेतलं नाही तर फेअर प्लॅन आहे, १९६८ पासूनचा. राहत्या घराला जास्तीत जास्त ३० लाख डॉलर. त्यात आग, वीज, धूर, घरातला स्फोट एवढंच येतं. पाइप फुटला, चोरी झाली, कोणी पायरीवरून पडलं, तर त्यासाठी वेगळी जोडपॉलिसी घ्यावी लागते. दोन्हींची बेरीज मागा. नुसत्या फेअर प्लॅनचा आकडा ऐकून 'परवडेल' म्हणालेलं एक जोडपं मला ठाऊक आहे. बेरीज आली तेव्हा व्यवहारातून बाहेर पडू देणाऱ्या अटी सोडून झाल्या होत्या, मागे फिरले असते तर इसाऱ्याची रक्कम गेली असती.

कायद्याने तुम्हाला इथे जे दिलंय ते वापरा. २०२२ च्या 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' नियमांनुसार घर आणि अंगण ठरलेल्या पद्धतीने सुधारलं तर कंपनीला सूट द्यावी लागते. त्यात पाच फुटांचा पट्टाही आहे, म्हणजे झोन झिरोचं राज्याकडे काहीही होवो, विम्यासाठी तो आत्ताच लागतो. कंपनीने तुमच्या घराला धोक्याचे किती गुण दिलेत ते विचारायचा आणि पटले नाहीत तर अपील करायचा हक्क आहे. पॉलिसी पुढे चालवायची नसेल तर कंपनीने ७५ दिवस आधी कळवायला हवं. २०१८ चा एसबी ८२४ म्हणतो की आणीबाणी जाहीर झालेल्या वणव्याच्या हद्दीतल्या आणि लगतच्या पिनकोडमधल्या पॉलिसी वर्षभर बंद करता येत नाहीत. पण तो वणव्यानंतरचा दिलासा, घर घेताना त्याचा उपयोग नाही. आणि सूट देणं बंधनकारक असलं तरी पॉलिसी देणं बंधनकारक नाही. अंगणावर भरपूर पैसे घालूनही नूतनीकरण नाकारलं गेल्याची पत्रं गिऱ्हाइकांनी मला दाखवलीत. खोटी आशा लावत नाही.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नव्हतं. सासूबाई दिवसभर घरी एकट्या असणार ना? पॅरडाइजमध्ये गेलेल्यांत बहुतेक पासष्टीच्या पुढचे होते. तुमच्या घरापासून खाली यायला रस्ते किती, ते गाडीने फिरून बघा. एकच असेल तर माझं मत त्या घराविरुद्ध झुकेल. आणि गॅरेजचं दार. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही जणांना दार उघडता आलं नाही, गाडी आत आणि माणूसही आत. म्हणून एसबी ९६९ आला: जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या आणि बसवल्या जाणाऱ्या स्वयंचलित दाराच्या मोटरला बॅटरी हवीच. तुमच्या घरातली मोटर जुनी असेल तर बदला. तोवर लाल दोरी ओढून दार हाताने कसं उचलायचं ते सासूबाईंकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या. जड लागलं तर स्प्रिंग तपासून घ्यावी लागेल. वारा वाढला की वीज कंपनी स्वतःच लाइन बंद करते, त्यामुळे हा प्रसंग वणव्याशिवायही येणारच.

तर या आठवड्यात एवढं करा. तीन ठिकाणांहून विम्याची लेखी कोटेशनं, अटी सोडायच्या आत. विकणाऱ्याकडे अंगणाच्या तपासणीचा अहवाल आणि त्या सहा बाबींचं पान, भरलेलं. आणि घर पुन्हा एकदा बघायला जाल तेव्हा शिडी मागा, चारही बाजूंच्या वळचणीच्या जाळ्यांचे फोटो काढा. इथे टाकलेत तर बघून सांगते. प्रत्येक फोटोत जाळीला टेकवलेला तुरीचा दाणा दिसू दे, नाहीतर भोकं केवढी ते मला इथून कळायचं नाही.